हेड क्लार्कला माणसे सांभाळायला कोण शिकवणार?

मा. मंत्रिमहोदय,
कार्मिक खाते, गोवा सरकार,
सचिवालय, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय. आता मला कोणी बदली करून दूर काणकोणला पाठवू शकत नाही, म्हणून उघड लिहितो.

आपल्याकडे यूडीसीचा (वरिष्ठ कारकुनाचा) हेड क्लार्क होतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सात-आठ माणसे त्याच्या हाताखाली येतात. त्यांना कसे वागवायचे, हे त्याला कोणीच शिकवलेले नसते. मग त्याच्या साहेबाने त्याला जसे राबवले, तसेच तो इतरांना राबवतो.

एका कचेरीत पाहिलेले सांगतो. नवीन एलडीसी (कनिष्ठ कारकून) मुलीच्या लक्षात आले, की दाखल्यांचे काही अर्ज चुकून निकाली फायलींच्या गठ्ठ्यात बांधले गेलेत. ती दोनदा साहेबांच्या टेबलापर्यंत गेली आणि काही न बोलता परतली. आदल्याच आठवड्यात काउंटरवरच्या लोकांसमोर "तुला नोकरीला लावली कोणी?" हे तिला ऐकावे लागले होते. अर्ज तसेच राहिले, लोक हेलपाटे घालत राहिले. गोव्याच्या 2013 च्या कालबद्ध सेवा कायद्याने सरकारी सेवांना मुदत घालून दिली खरी. पण काम कुठे अडलेय हे ज्याला ठाऊक आहे, तोच तोंड उघडत नसेल तर मुदत पाळणार कोण?

एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात अमेरिकी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. औषध देण्यातल्या चुका चांगल्या गटांतच जास्त नोंदलेल्या निघाल्या. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्यामागचे कारण असल्याचे नंतर तिच्या ध्यानात आले. आपल्याकडे ज्या विभागातून एकही चूक वर कळत नाही, तो विभाग उत्तम समजला जातो. मला मात्र अशाच विभागाची धास्ती वाटते.

चांगले साहेबही मी पाहिलेत. एक सुपरिंटेंडंट सकाळी टपाल उघडताना सगळ्यांना जवळ बोलवायचे. "खंय अडलां?" एवढाच त्यांचा प्रश्न असायचा, आणि उत्तर येईपर्यंत ते गप्प बसायचे. चूक सांगणाऱ्याला चारचौघांत कधी बोलले नाहीत. रागवायचे तर केबिनमध्ये बोलावून. वर्षाचा गोपनीय अहवाल लिहिण्याआधी ते प्रत्येकाशी बसून बोलायचे, त्यामुळे अहवालात काय असेल याचा कोणाला धक्का बसत नसे.

केंद्राच्या 2020 च्या मिशन कर्मयोगी या कर्मचारी-प्रशिक्षण योजनेतले ऑनलाइन धडे आहेत, जुन्या गोव्यात एला येथे प्रशिक्षण संस्था आहे. पडद्यावर धडा पाहून प्रमाणपत्र मिळते. पण चिडलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे शेजारी कोणी बसून दाखवले तरच जमते.

म्हणून मागणी एवढीच. बढतीनंतरचे पहिले सहा महिने नव्या हेड क्लार्कसोबत एखादा मुरलेला सुपरिंटेंडंट द्या, महिन्यातून दोनदा त्याच्या विभागात जाऊन बसणारा. साहेबाविषयी हाताखालच्यांचे मत, नाव न घेता, वर्षातून एकदा वाचा. बदलीची धमकी देणाऱ्याला जाब विचारा. आणि दहा वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कचेरीत कायद्याने सक्तीची असलेली, महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती केवळ कपाटामागच्या फलकापुरती उरली नाही ना, तेही जाता जाता बघा.

सुरुवात एकाच तालुक्यातून केलीत तरी चालेल. डिचोलीतून केलीत तर नव्या हेड क्लार्कशेजारी बसायला मी मानधनाशिवाय येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी, डिचोली