डावा हात प्लास्टरात आहे, बाकी बरा आहे

ती. माय आणि अण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर माय रडायला लागते आणि सांगायचं ते राहून जातं, म्हणून लिहितोय. ताईकडून वाचून घ्या.

गाडीवरून नाही, जिन्यावरून पडलो. गारखेड्यात सकाळी सकाळी दुधाची ऑर्डर होती. लिफ्टवर पाटी : ‘डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा’. जिना ग्रॅनाइटचा, नुकताच धुतलेला. उन्हाळ्यात लगेच वाळतो, या गारठ्यात ओलाच राहतो. दोन्ही हातांत पिशव्या, कठडा कशानं धरणार? पाय सटकला आणि तळहातावर आलो. रस्त्यावर आम्ही पोरं जपूनच असतो. दहिवर पडलं की पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबत नाही, उसाची ट्रॉली गेलेल्या वाटेवर पाल्यातून गाडी घालत नाही. मला विचाराल तर जिना जास्त वाईट, तिथं डोक्यावर हेल्मेटही नसतं.

अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, तिथं दाबलं की जीव जायचा. एक्स-रेत काहीच दिसलं नाही, तरी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. तिथल्या बारक्या हाडाची चीर पहिल्या फोटोत कधी कधी दिसत नाही, आणि त्याला रक्त कमी पोचतं म्हणून जुळायला वेळ लागतो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो. माय, हाडवैद्याकडून चोळून घे म्हणू नको. चोळलं तर वाटोळं होईल.

अण्णा, विम्याचं विचारलं होतं. कंपनीचा आहे, पण दवाखान्यात भरती झालं तरच मिळतो म्हणाले. पेपरात वाचलं ते खरं आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. आमच्यासारख्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायचे, असं त्यात आहे. माझ्या हातात अजून काही पडलं नाही, पण ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेवतो.

काम सोडून ये म्हणू नका. तुम्ही तरी रात्रीची लाइट आली की हरभऱ्याला पाणी द्यायला ओल्या बांधावरून जाताच ना, तेही स्लिपर घालून? बूट धाडतोय, ते घाला.

ई-श्रमचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, माझ्या आधारला तुमचाच नंबर आहे. आला की मलाच सांगा, दुसऱ्या कुणी फोन करून मागितला तर देऊ नका.

तुमचा,
बाळू