फॉर्म भरलाय, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगणार होते. पण आई, तू "बाबांशीच बोल" म्हणून फोन त्यांच्या हातात दिला असतास आणि बाबा नुसतं "हं" म्हणाले असते. म्हणून लिहितेय. डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीत मी नाव घातलंय, ५३ किलोमीटरच्या. पैसे भरून झाले. ईसीजी काढला, तो चांगला आहे.

"हे काय वय आहे का?" म्हणण्याआधी ऐक. यात सगळं अंतर पळायचं नसतंच. उभा चढ आला की बहुतेकजण गुडघ्यांवर हात टेकून चालतात. त्रास होतो उतारावर, मांड्या तिथे भरून येतात. म्हणून रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढते ती खरं तर उतरायच्या सरावासाठी. डिसेंबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं, खाली घसारा, पाऊल कशावर पडतंय ते कळत नाही. तळाला खाचा असलेले बूट घेतलेत, अर्धा नंबर मोठे, कारण पाय सुजतात आणि नखं काळी पडतात. (एक पडलंय. दुखत नाही.)

बाबा, राजगडाच्या आळू दरवाज्यातून तोरण्याकडे जाणारी धार तुम्हाला मी काय सांगणार! शिधा पाठीवर घेऊन, कॅनव्हासच्या बुटांत तुम्ही ती चाललात आणि आजीला कळलं ते परत आल्यावर. मी निदान आधी सांगतेय. दंडोबाच्या डोंगरावर मी रडायला लागले की तुम्ही खिशातून लिमलेटची गोळी काढायचात. एकच. पुढची वर पोचल्यावर. मी अजून तेच करते, फक्त गोळीऐवजी मीठ लावलेला उकडलेला बटाटा असतो. भूक लागायची वाट न बघता थोड्या थोड्या वेळाने खायचं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, म्हणून सोबत ओआरएसही आहे. ठरल्या वेळेत टप्पा गाठला नाही तर शर्यतवालेच थांबवतात. थांबवलं तर मी मुकाट्याने थांबेन, शप्पथ. अप्पाकाकांचं मनात आणू नका. ते वेगळं होतं.

दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला न्यायला मात्र यंदा मी नसेन. हे लिहिताना जिवावर आलं. दादा गाडी घेऊन येईल, मागची सीट बाबांना पाय पसरायला मोकळी ठेवायला सांगितलंय. गर्दी असेल, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. दर्शन वरूनच. पुढच्या पौर्णिमेला मी येते, तेव्हा निवांत बसू.

आणि बाबा, गुडघ्याची ती गोळी परस्पर घेणं बंद. बीपीच्या औषधांबरोबर तिने किडनीवर ताण येतो. मीही शर्यतीत वेदनाशामक घेणार नाहीये, तेव्हा दोघांना एकच नियम. आई, त्या दिवशी उपास धरायचा नाही. साखरेच्या गोळ्या चालू असताना तर मुळीच नाही. मला फोन लावत बसू नका, डोंगरात रेंज नसते. समीर कळवेल.

डिंकाचे लाडू पाठव. लहान वळ, चालता चालता एका घासात जातील असे. तूप बेताचं.

तुमची,
मनू