ओंकार, गोळ्या बंद करायच्या आधी हे वाच

चरई, ठाणे

ओंकार बाळा,

काल तू फोनवर म्हणालास आई मला आता एकदम बरं वाटतंय, डाएटनेच जमलंय, महिनाअखेरीला आतड्याच्या सुजेच्या, त्या क्रोन्सच्या गोळ्या बंद करून बघतो, आणि मी नुसतं हं हं केलं कारण बाबा शेजारीच होते आणि बोलले असते तर रडूच आलं असतं. रात्री डोळ्याला डोळा नाही लागला. आत्ता दूध तापवून लिहायला बसलेय. मेसेज लांब आहे पण बसमध्ये निवांत पूर्ण वाच.

तुला बरं वाटतंय ते खरंच आहे रे. दोन वर्षांपूर्वी तलावपाळीची एक फेरी पुरी व्हायच्या आत आपल्याला घरी पळावं लागायचं, या दिवाळीत तू तीन फेऱ्या मारल्यास, मी मोजत होते.

पण ते पहिले सहा महिने आठव. टीबी समजून टीबीच्याच गोळ्या चालू होत्या, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून दिसायलाही इतके सारखे असतात की भल्याभल्यांना पटकन कळत नाही, हे आता समजतं, तेव्हा तुझं वजन 47 किलोवर आलेलं बघून माझ्या पोटात कालवायचं. आणि मी काय करत होते, तर फायबर चांगलं असतं म्हणून कच्च्या गाजर-काकडीची कोशिंबीर, मोडाची मटकी, बियांसकट पेरू. सुजून अरुंद झालेल्या आतड्यात तेच अडकत होतं आणि तू उशी पोटाशी धरून पडायचास. ते मला अजून विसरता येत नाही.

मग त्या डाएटिशियन बाईंनी सांगितलं, गाजर वाईट नाही हो, आत्ता त्याचं रूप बदला. आधी मिक्सरमधून काढून गाळलेलं सूप, मग मऊ शिजवलेली भाजी, आणि पोट शांत झालं की मग थोडं थोडं किसून. तेव्हापासून मी तसंच करते, दुधी-लाल भोपळा साल काढून, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, पिकलेलं केळं, घरच्या दह्याचं ताक मिरचीशिवाय. जवस अख्खं नाही, बारीक पूड करूनच. बांगडा तळून नाही, हळद-कोकम घालून पातळ रश्शात, तारली मिळाली तर तारली, दोन्हीत ओमेगा थ्री भरपूर. परत कधी पोट बिघडलं तर हिरोगिरी न करता सरळ सूपवर ये, बरं वाटेल तसा एकेक पायरी वर चढ.

आता तुझ्या त्या कडक डाएटबद्दल. भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद, साखरेच्या जागी मध. हे स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट आणि साधं मेडिटरेनियन जेवण यांची अमेरिकेत क्रोन्सच्या 194 पेशंटवर तुलना केली होती, 2021 मध्ये छापून आलंय. सहा आठवड्यांनी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच लोकांना आराम पडला होता, म्हणजे भात सोडून जास्तीचं काही मिळालं नाही. मग स्वतःला उपाशी का मारतोस? आणि महत्त्वाचं पुढेच आहे, लोकांना बरं वाटलं तरी रक्तातली सीआरपी, म्हणजे अंगात सूज किती आहे ते दाखवणारा आकडा, फारच थोड्यांची खाली आली. बरं वाटणं वेगळं आणि आतली सूज जाणं वेगळं, मी काल रात्रभर हेच घोकत होते.

जेवणाने मदत होते, मी रोज करून घालते ते उगाच नाही. पण तुझ्या त्या अ‍ॅझाथायोप्रिनच्या गोळीला असर दाखवायलाच दोन-तीन महिने लागले होते ना, तशीच ती बंद केल्यावरही दुसऱ्या दिवशी काही होत नाही, माणूस म्हणतो बघ काही झालं नाही, आणि काही महिन्यांनी परत सगळं सुरू. तुला अ‍ॅडमिट केलेलं मला परत नाही बघवणार.

भाताऐवजी सोडायचंच असेल तर ते पाकिटातलं सोड. प्रोटीन बार, फ्लेवरवालं दूध, मागे बारीक अक्षरात 407, 433, 466 असे नंबर असतात ते वाच. हे घट्टपणा आणायला, पाणी-तेल एकजीव ठेवायला घालतात, आणि 433 आणि 466 ने उंदरांच्या आतड्यातला चिकट थर बिघडून सूज आलेली 2015 मध्येच दिसलीय. माणसांवरचं काम अजून चालू आहे पण आपल्याला ते बार हवेत कशाला, दोन केळी ने ना डब्यात.

या आठवड्यात कॅलप्रोटेक्टिनची टेस्ट कर, शौचाच्या सँपलवरून आतड्याची सूज कळते ती, रक्ताची सीबीसी तशीही ड्यू आहे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना सरळ सांग की मला गोळ्या बंद करायच्यात, ते कमी करू म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. शुक्रवारी बाबांचे मित्र बेंगळुरूला येतायत, त्यांच्याबरोबर जवसाची पूड आणि मेतकूट पाठवतेय, मेतकूट भातावरच खायचं. सँपल दिलंस की फोन कर, किती पण वाजू दे.

आई