गळ्यातल्या नळीची मुदत कोण मोजणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सा. न. वि. वि.

मी एका तालुक्याच्या गावी डायलिसिस टेक्निशियन आहे. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, महात्मा फुले योजनेची साथही मिळाली, त्यामुळे हातावर पोट असलेल्या पेशंटलाही मशीन मिळू लागलं. ते चांगलंच झालं. माझं गाऱ्हाणं गळ्यातल्या नळीचं आहे.

आमच्याकडे पेशंट बहुतेकदा धाप लागल्यावरच येतो. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, नसतो, म्हणून मानेच्या शिरेत तात्पुरती नळी घालावी लागते. ती दोन आठवड्यांच्या आत निघावी असं किडनीतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. फिस्टुला करून तो सुई टोचण्याजोगा व्हायला मात्र निदान महिना-दीड महिना लागतो, आणि सर्जनची तारीख मिळायची ती वेगळीच. मग तात्पुरती नळी महिनोन्‌महिने तशीच राहते. घामाने ड्रेसिंग सुटतं, घरी कुणीतरी साधी चिकटपट्टी लावून देतं, आणि नळीवाटे जंतू रक्तात शिरतात.

मशीन सुरू करून अर्धा तास होत नाही तोच पेशंटला हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल, जाताना अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. या इंजेक्शनांनी जिवाणू मरतात आणि कँडिडा नावाच्या बुरशीला रान मोकळं मिळतं. त्यात पेशंट मधुमेही असला तर विचारूच नका. ही बुरशी नळीच्या प्लास्टिकवर चिकट थर धरते, तिथे औषध नीट पोचत नाही. नळी काढावीच लागते. वेळ गेली तर बुरशी हृदयाच्या झडपांपर्यंत आणि डोळ्यांपर्यंत जाते.

निदानाचीही रडकथाच. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, कँडिडा जेमतेम निम्म्या वेळा सापडते. आधी कल्चरची बाटली तर हवी! औषधातही मेख आहे. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध डायलिसिसमध्ये धुऊन जातं, म्हणून त्या दिवशीची गोळी मशीन सुटल्यावर घ्यायची. हे कागदावर लिहून दिलेलं मी क्वचितच पाहिलंय. पेशंट बिचारा सकाळी चहाबरोबर घेऊन येतो.

पोटाच्या डायलिसिसवाल्यांचंही, म्हणजे मशीनऐवजी पोटात बसवलेल्या नळीतून डायलिसिस करणाऱ्यांचंही, तेच. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना सोबत बुरशीप्रतिबंधक औषध द्यावं, असा आंतरराष्ट्रीय सल्ला आहे. पोटात बुरशीचा संसर्ग झालाच तर नळी लगेच काढावी लागते.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे 'काळ्या बुरशी'च्या, प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची झाली होती, त्यावरच्या अँफोटेरिसिन औषधाचं वाटप जिल्हावार झालं होतं. म्हणजे मनात आणलं तर सरकारला बुरशी मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत कँडिडाच्या दोन जाती सर्वांत घातक गटात घातल्या आहेत. पण कँडिडाने चेहरा काळा पडत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही.

नवं मशीन, नवी इमारत मी मागत नाही. रक्तात क्रिएटिनिन चढू लागलेल्या, म्हणजे किडनी बिघडू लागलेल्या, पेशंटची फिस्टुलासाठी चिठ्ठी आधीच निघावी. प्रत्येक केंद्रात कल्चरच्या बाटल्या असाव्यात आणि पहिलं अँटिबायोटिक देण्याआधी रक्त घेतलं जावं. शिवाय केंद्रांकडून दरमहा आपण किती डायलिसिस झाले हे मागवता, त्याच तक्त्यात एक रकाना वाढवा: किती पेशंटच्या गळ्यात तात्पुरती नळी आहे, आणि ती कोणत्या तारखेला घातली.

आपला,
एक डायलिसिस टेक्निशियन