ताप अंगावर काढू नकोस

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय नलू,
सप्रेम नमस्कार.

तुला चार दिवस ताप आहे आणि 'माझा गट ओ, मला काही होत नाही' म्हणून तू घरीच बसली आहेस, हे वहिनींकडून कळलं. रक्तपेढीतून येऊन पाणीही न पिता लिहायला बसलेय.

हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. २०२० साली इटली आणि स्पेनमधल्या रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. कोविडमुळे ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला, त्यांत ए गटाची माणसं जास्त आणि ओ गटाची कमी निघाली. ते खरंच आहे. पण असा फरक पुष्कळ माणसांची बेरीज मांडली की दिसतो. आमच्या अण्णाचा गटही ओच होता, नलू. २०२१ च्या एप्रिलमध्ये नवव्या दिवशी गेला.

विषाणूचं आणि रक्तगटाचं घट्ट नातं दिसतं ते उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसमध्ये. तांबड्या पेशींवरच्या ज्या साखरेच्या साखळ्यांवरून आम्ही ए, बी, ओ ठरवतो, तशाच साखळ्या आतड्याच्या अस्तरावरही असतात, आणि हा विषाणू त्यांनाच धरतो. एफयूटी-२ हे जनुक ज्यांच्यात बंद असतं, त्यांच्या आतड्यावर ही साखळी पुरी होत नाही. युरोपात साधारण पाचात एक माणूस असा असतो. स्वयंसेवकांना मुद्दाम हा विषाणू पाजून पाहिला, तेव्हा ही माणसं सुटली. आणि ओ गटवाले? त्यांना तो इतरांपेक्षा जास्तच लागला!

आपल्या मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो बॉम्बे गट शोधला, त्यात तर ए आणि बी ज्यावर उभे राहतात तो एच हा पायाच नसतो. आमच्याकडे असा एक दाता आहे. साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच दिसला होता. त्याचा सिरम, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा पातळ भाग, ओच्या पेशींशीही गुठळ्या धरू लागला तेव्हा आम्ही चपापलो. आपल्याकडच्या या लोकांत एफयूटी-२ देखील नसतं, म्हणजे नोरोव्हायरसच्या नेहमीच्या जातींना तिथे धरायला काही नाही. पण त्यांना रक्त लागलं, तर ओ गटाचंसुद्धा चालत नाही. गेल्या पावसाळ्यात अशाच एका बाळंतिणीसाठी रात्री दीडला त्या दात्याला उठवलं. भिजत आला बिचारा, आणि बाटली भरेपर्यंत तिचीच चौकशी करत होता.

एका विषाणूपासून सुटका म्हणजे सगळ्यांपासून नव्हे. हे दिवस डेंग्यूचे आहेत आणि डेंग्यू ओ गटवाल्यांनाही होतो.

बंडू उद्या पहिल्या एसटीने येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. त्याला चहा दे आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. प्लेटलेट मोजून घे. आकडा मला लगेच फोनवर सांग, रात्री कितीही वाजले तरी.

तुझीच,
कुसुम