‘साइडमाउंट सेट’ म्हणून पाठवलेल्या दोन साध्या रेग्युलेटर संचांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय: साइडमाउंटसाठी म्हणून विकलेला रेग्युलेटर संच साइडमाउंटचा नसल्याबद्दल आणि त्यातील एका फर्स्ट स्टेजमधील दोषाबद्दल.

महोदय,

मी दांडिया बाजार, वडोदरा येथे राहते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या संकेतस्थळावरून मी ‘साइडमाउंटसाठी जुळवून तयार’ असे लिहिलेला रेग्युलेटर संच मागवला. साइडमाउंट म्हणजे स्कूबा डायव्हिंगचे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावण्याची पद्धत, आणि रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरातली हवा दाब उतरवून तोंडाशी आणणारी जोडणी. पैसे भरण्याआधी आपल्या विक्री प्रतिनिधीला चॅटवर दोन गोष्टी विचारल्या होत्या: माझ्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह डिनचे (आट्यांनी आत बसणाऱ्या जोडाचे) आहेत, तर फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा सिलिंडरला लागणारा, दाब उतरवणारा भाग) डिनचीच मिळेल ना, आणि लांब नळी सोबत येते ना. दोन्हींना ‘हो मॅडम’ असे उत्तर आले. ते चॅट, बिल आणि खोका उघडतानाचे फोटो सोबत जोडले आहेत.

खोक्यातून निघाल्या दोन फर्स्ट स्टेज, दोन्ही योकच्या, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून स्क्रूने आवळायच्या. प्रत्येकीला दोन सेकंड स्टेज (तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग), म्हणजे एकूण चार. एक ७५ सेंटिमीटरच्या काळ्या नळीवर, दुसरी एक मीटरच्या पिवळ्या नळीवर. प्रत्येकीला ८० सेंटिमीटरच्या नळीवर लोंबणारा कन्सोल, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजची डबी. लांब नळी एकही नाही, बोल्ट स्नॅप (अडकवायचे हूक) नाहीत, गळ्यात घालायचा बंजी (लवचीक दोरीचा फास) नाही. पाठीवर एकेक सिलिंडर बांधून पाण्यात उतरणाऱ्या दोन माणसांचे हे दोन संच आहेत. एका खोक्यात भरून वर साइडमाउंटची चिठ्ठी लावली, एवढेच.

साइडमाउंट मला का हवे, तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या मणक्यातली गादी सरकली आणि पाठीवर ओझे घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर भरला की १७ किलोच्या आसपास जातो. तो पाठीवर घेऊन बोटीच्या काठापर्यंत चालणे आता माझ्याकडून होणार नाही. साइडमाउंटमध्ये सिलिंडर पाण्यात उतरल्यावर दोन्ही कुशींना अडकवता येतात. माझे डायव्हिंग सुटले नाही ते यामुळे.

हे दोन सिलिंडर एकमेकांना जोडलेले नसतात. डावा संपला तर उजव्यातली हवा आपोआप त्यात येत नाही. म्हणून एकाचा श्वास काही वेळ, मग दुसऱ्याचा, असे आलटून पालटून घ्यायचे असते. मी ४० बारचा फरक पडला की बदलते. हे जमण्यासाठी दोन्ही गेज मान न वळवता दिसायला हवेत. ते १५ सेंटिमीटरच्या आखूड नळीवर, सिलिंडरलगत, तोंडाकडे वळवून बसवतात. आपला ८० सेंटिमीटरचा कन्सोल पोटाखाली लोंबत राहतो आणि तळाशी गेले की वाळूत घासत जातो.

प्रत्येक सिलिंडरला सेकंड स्टेज एकच लागते, कारण दुसरा सिलिंडर हाच राखीव. डाव्या सिलिंडरची आखूड नळीवर, हनुवटीखाली बंजीत. उजव्याची २१० सेंटिमीटरच्या नळीवर, बोल्ट स्नॅपने छातीवरच्या डी-रिंगला. सोबत्याची हवा संपली तर त्याला ही लांब नळीवरची द्यायची आणि आपण गळ्यातली तोंडात घ्यायची. मग दोघांना पुढे-मागे राहूनही पोहता येते. आपल्या एक मीटरच्या पिवळ्या नळीवर सोबती माझ्या खांद्याला चिकटूनच राहील. घाबरलेल्या माणसाला इतके जवळ धरून वर येणे काय असते, ते मी एकदा पाहिले आहे. म्हणून नळीची लांबी माझ्यासाठी लहान बाब नाही.

योकबद्दल फोनवर मला सांगण्यात आले की, ‘व्हॉल्व्हमधला इन्सर्ट परत बसवा, फिट होईल.’ (इन्सर्ट म्हणजे डिनच्या व्हॉल्व्हवर योक बसावा म्हणून आत घालायचा तुकडा.) बसेल, हे मलाही माहीत आहे. पण योकचा स्क्रू व्हॉल्व्हच्या पलीकडे बोटभर बाहेर येतो. साइडमाउंटमध्ये व्हॉल्व्ह काखेशी असतो, त्यामुळे तो दंडाला घासतो आणि ज्या बंजीने सिलिंडर अंगाशी धरायचा, तिच्यातच अडकतो. डिनची फर्स्ट स्टेज आट्यांनी व्हॉल्व्हच्या आत जाते, ओ-रिंग आत बंदिस्त राहते आणि धक्का लागला तरी सहसा निसटत नाही. शिवाय आपल्या फर्स्ट स्टेजला हाय प्रेशरचे पोर्ट, म्हणजे गेजची नळी लावायचे छिद्र, एकच आहे. डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारखी उलट बसते, तेव्हा एका बाजूचे गेज नीट येते आणि दुसरीकडचे नेमके नको त्या दिशेला. दोन्हीकडे पोर्ट असलेली फर्स्ट स्टेज यासाठीच घेतात. नळ्या हव्या त्या दिशेला वळवू देणारा फिरणारा टरेट असता तर फारच बरे, पण तो नसलेल्या फर्स्ट स्टेजवरही लोक साइडमाउंट करतात, त्यामुळे त्यावर मी अडून बसत नाही.

लांब नळीबद्दल आपल्या प्रतिनिधीने सुचवले, ‘तुमच्या गावात बनवून घ्या.’ माझ्या धाकट्या दिरांचा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हायड्रॉलिक फिटिंगचा कारखाना आहे. मी नळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आटे मोजले आणि म्हणाले, “वहिनी, मी हे फिटिंग अर्ध्या तासात करून देईन, पण तुम्ही श्वास घेणार त्या नळीला हात लावणार नाही. तेलाची नळी वेगळी आणि ही वेगळी.” ज्यांचा धंदा श्वासाच्या नळीचा नाही, त्यांना हे कळले.

यापुढचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. माझ्याकडे इन्फ्लेटरच्या नळीला (जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या नळीला) लावायचा दाबमापक आहे. भरलेल्या सिलिंडरवर दोन्ही फर्स्ट स्टेज मी घरीच तपासल्या. पहिलीचा मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजने उतरवून पुढे दिलेल्या हवेचा दाब, साडेनऊ बारवर आला आणि तिथेच राहिला. दुसरीचा काटा थांबेना. दहा मिनिटांत तो १२ बारवर पोहोचला आणि सेकंड स्टेजमधून आपोआप हवा सुटू लागली. सिलिंडरची हवा अडवणारी आतली हाय प्रेशर सीट नीट बंद होत नसल्याचे हे लक्षण आहे. पाण्याखाली हेच घडले असते तर तो व्हॉल्व्ह बंद करून मला अर्ध्या हवेवर वर यावे लागले असते. याच फर्स्ट स्टेजच्या डबीत ‘तपासून पाठवले’ असे सही केलेले कार्ड होते. व्हिडिओ जोडला आहे. काटा आणि घड्याळ दोन्ही त्यात दिसतात.

या सगळ्यात मालवणची सहल गेली. कुडाळपर्यंतची तिकिटे रद्द केली, बरोबर येणाऱ्या दोघी मैत्रिणी माझ्याशिवाय गेल्या. त्याची भरपाई मी मागत नाही.

मागते ते असे. दोन्ही संच आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि पूर्ण रक्कम द्यावी. किंवा डिनच्या, दोन हाय प्रेशर पोर्टच्या दोन फर्स्ट स्टेज, दोन सेकंड स्टेज, २१० सेंटिमीटरची एक नळी, आखूड नळी आणि १५ सेंटिमीटरच्या नळ्यांवरची दोन गेज द्यावीत, सोबत दोन्ही फर्स्ट स्टेजच्या मधल्या दाबाची लेखी नोंद. दोष असलेली फर्स्ट स्टेज दुरुस्त करून मलाच परत पाठवलेली चालणार नाही. आणि संकेतस्थळावरचे ते वर्णन आजच काढावे. साइडमाउंट नव्याने शिकणारा कोणी ते वाचून हाच खोका घेईल, आणि त्याच्याकडे दाबमापक नसेल.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या ईमेलला पोच मिळायला अकरा दिवस लागले. या पत्रापासून महिन्याभरात निर्णय झाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते तिथल्या, म्हणजे वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

दोन्ही संच मूळ खोक्यात भरून ठेवले आहेत. दोष असलेल्या फर्स्ट स्टेजला लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे ती चुकून पुन्हा कोणाला विकली जाणार नाही. कुरिअरवाला संध्याकाळी सहानंतर पाठवावा, त्याआधी मी बँकेत असते.

आपली,
एक ग्राहक
दांडिया बाजार, वडोदरा