शेजारच्या वर्गातल्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. आभार मानायचे होते ते सात खड्यांबद्दल, जमिनीवर खडूने काढलेल्या एका पट्टीबद्दल आणि तुमच्या मोकळ्या तासिकांबद्दल. ते सगळं माईकसमोर उभं राहून कसं सांगायचं, ते मला सुचेना. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम ठेवलं आहे, कारण पहिलीचा वर्ग नव्याने हाती आलेलं कुणीतरी आजही तितकंच गोंधळलेलं असेल, जितकी मी तेव्हा होते.

माझ्याकडे पहिली आली त्याआधी मी मोठ्या वर्गांना शिकवलं होतं. मुलं रांगेत बसतात, फळ्याकडे बघतात, सांगितलेलं वहीत उतरवतात, एवढंच मला माहीत होतं. सहा वर्षांची बत्तीस मुलं तशी बसत नव्हती. मी त्यांना जास्त जोरात बसवत होते. दोन महिन्यांत एक ते शंभर तोंडपाठ झाले, आणि मला त्याचा अभिमान होता. तुम्ही दारात उभ्या राहून ऐकलंत, पाठांतराचं कौतुक केलंत आणि सगळ्यात खणखणीत आवाजात म्हणणाऱ्या मुलीला म्हणालात, "मला सात खडे आणून देतेस?" तिने मूठभर आणले. तुम्ही म्हणालात, "मोज बरं." ती मोजायला लागली. तोंड पुढे धावत होतं, बोट मागे राहत होतं. काही खड्यांवर दोन-दोन आकडे पडले, एक खडा तसाच राहिला, आणि "अकरा" म्हणून तिने समाधानाने तुमच्याकडे पाहिलं. खडे नऊ होते.

नंतर तुम्ही मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालात, "तिला आकड्यांचं गाणं येतंय. संख्या अजून यायची आहे."

मला रडू आलं होतं, बाई. तुम्ही ते पाहिलंत आणि दुसऱ्या दिवशी खड्यांची पिशवी घेऊन आलात. त्या दिवसापासून सहामाहीपर्यंत आठवड्यातले तीन दिवस तुमच्या मोकळ्या तासिकेतला अर्धा तास तुम्ही माझ्या वर्गात जमिनीवर बसून काढलात. त्या तासिकेत तुम्हाला वह्या तपासायच्या असायच्या. त्या तुम्ही घरी नेत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या आठवड्यात आपण खड्यांशिवाय काहीच केलं नाही. एक खडा उचलायचा, पलीकडे ठेवायचा आणि तेव्हाच आकडा म्हणायचा. मग तुम्ही सहा-सहा खड्यांच्या दोन ओळी मांडल्यात आणि मुलांदेखत एक ओळ लांबवलीत. अर्ध्या वर्गाने लांब ओळीत जास्त खडे आहेत असं सांगितलं. मी चटकन "अरे, नाही!" म्हणून पुढे सरसावले, तर तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां प्याजे यांनी लहान मुलांसमोर अशाच ओळी मांडून पाहिल्या होत्या, हे मी डी.एड.ला वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण मुलाला लांब ओळ खरोखरच 'जास्त' दिसते, ते चुकत नसतं तर जे दिसतं तेच सांगत असतं, हे त्या दिवशी डोळ्यांसमोर घडलं. तुम्ही कुणालाही दुरुस्त केलं नाहीत. "बरं, आता प्रत्येक खड्याची जोडी लावून बघू या," म्हणालात आणि मागे सरकलात. जोड्या मुलांनीच लावल्या. एकही खडा उरला नाही. एक मुलगा कितीतरी वेळ त्या खड्यांकडे बघत बसला होता, ते मला अजून आठवतं.

मग आली पट्टी. मी सापशिडी आणली होती. खेळाने शिकवायचं तर खेळ आणायचा, इतकाच माझा विचार होता. तुम्ही पट बघितलात आणि विचारलंत, "दहानंतर अकरा कुठे आहे?" अकरा दहाच्या डोक्यावर होता, आणि तिथून आकडे उलट दिशेने जात होते. मोठ्यांना याचं काही वाटत नाही. पण संख्या पुढे पुढे वाढत जाते हे ज्याला अजून मनात बसवायचं आहे, त्याच्यासाठी ती वळणं म्हणजे चकवाच. तुम्ही खडू घेतलात आणि भिंतीच्या कडेने एक ते वीस अशी सरळ पट्टी आखलीत. फासा टाकायचा आणि स्वतःच चालत जायचं. नियम एकच होता: तेरावर उभं असताना तीन पडले तर "एक, दोन, तीन" म्हणायचं नाही. "चौदा, पंधरा, सोळा" म्हणत पाऊल टाकायचं.

एवढ्याशा नियमाने काय होणार, असं मला वाटलं होतं. पुढे मी वाचलं की 2008 साली गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना असाच एक ते दहा आकड्यांचा सरळ पट खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत सुमारे पंधरा-पंधरा मिनिटांचे चारच डाव झाले, तरी या मुलांची संख्येची समज वाढली. ज्यांना आकड्यांऐवजी नुसत्या रंगांचा पट दिला होता, त्यांची वाढली नाही. 2014 साली सीगलर यांनी एलिडा लास्की यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात तर तुमचा नियमच सापडला. उभ्या असलेल्या घरापासून पुढे मोजणारी मुलं शिकली, दर वेळी एकपासून मोजणारी तितकी शिकली नाहीत. तुम्ही हे कुठे वाचलं होतंत की नुसतं मुलांकडे बघून ओळखलं होतंत, ते मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, बघूनच.

भाषेच्या तासाला तुम्ही कमी यायचात, पण शब्दांच्या भेंड्यांचा तो दिवस मी विसरणार नाही. शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द. मुलं रंगात आली होती, आणि कुणीतरी "कमळ" म्हणालं. वर्ग थांबला. ळ! मी लगेच सांगणार होते की ळने शब्द सुरू होत नाही, दुसरा घ्या. तुम्ही नुसत्या भुवया उंचावून मला गप्प केलंत. मुलांनी खूप शोधलं. घरी विचारून आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं. मग एकीने जाहीर केलं की ळ नेहमी मागेच बसतो, त्याला पुढे यायला आवडत नाही. दुसऱ्याने भर घातली, "ण पण तसाच आहे!" त्यांनी स्वतःच ठरवलं की ळ आला तर ल घ्यायचा आणि ण आला तर न. मराठीच्या वर्णमालेबद्दलची एक खरी गोष्ट सहा वर्षांच्या मुलांनी स्वतः शोधून काढली होती. मी सांगितली असती तर ती अर्ध्या मिनिटात संपली असती.

आणि दवाखाना. त्याबद्दल लिहिताना हात थोडा थबकतो, कारण तो मुलगा आता मोठा आहे आणि त्याला हे वाचायला मिळो न मिळो, त्याचा मान राहावा असं मला वाटतं. तो वर्गात बोलत नसे. नाव विचारलं तरी मान खाली. मी त्याच्या प्रगतिपत्रकात "सहभाग नाही" असं लिहून ठेवलं होतं. तुम्ही कोपऱ्यात एक बाकडं, रिकाम्या बाटल्या, जुनी वही आणि पुठ्ठ्याचे तुकडे ठेवलेत आणि मुलांना विचारलंत, "दवाखान्यात काय काय लागतं?" फळी लागते, रांग लागते, नंबर लागतो, चिठ्ठी लागते. सगळं त्यांनीच सांगितलं, त्यांनीच बनवलं. तिसऱ्या दिवशी तो कम्पाउंडर झाला. "पुढचा नंबर!" असं तो ओरडला. अख्ख्या वर्गाने वळून पाहिलं, आणि त्याचं कुणाकडे लक्षच नव्हतं, कारण तो कामात होता. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्कींनी म्हटलं आहे की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. ते मी त्या बाकड्यामागे पाहिलं.

त्याच दवाखान्यात सत्तावीस नंबरवरून भांडण झालं. त्याने "सत्तावीस" पुकारलं आणि दोघी उठल्या. एकीच्या पुठ्ठ्यावर 27 होतं, दुसरीने स्वतःच्या हाताने 72 लिहिलं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: आधी सात ऐकू येतं, मग आधी सात लिहायचं. बरोबरच आहे की! आपल्या मराठीत सत्तावीस म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. एकोणतीस तर त्याहून अवघड, तीस ऐकून मुलं 39 लिहितात. तोवर मी अशा चुकांवर लाल पेनने फुल्या मारत आले होते. तुम्ही मात्र काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधायला लावलेत आणि दोघींना म्हणालात, "आपापल्या नंबराएवढ्या काड्या घेऊन या." एक दोन गठ्ठे आणि सात सुट्या घेऊन आली. दुसरीचे हात सात गठ्ठ्यांनी भरून गेले, आणि मध्येच थांबून ती स्वतःशी म्हणाली, "एवढे?" पुढचं तिला कुणी सांगावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगते, कारण तुमच्याबद्दल ऐकणाऱ्यांना वाटतं की तुम्ही सगळं खेळावर सोडत होतात. तसं नव्हतं. पेन्सिल कशी धरायची, अक्षराचं वळण कुठून सुरू करायचं, घ आणि ध यांतला फरक काय, हे तुम्ही समोर बसवून, हात धरून शिकवायचात. "हे त्यांना शोधून सापडणार नाही, हे आपणच द्यायचं," असं म्हणायचात. कशाला खेळ लागतो आणि कशाला लागत नाही, ही पारख मला तुमच्याकडून मिळाली, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. चित्रं रंगवायचे कागद 'कृती' म्हणून गठ्ठ्याने वाटणं मी त्यानंतर बंद केलं.

पालकसभेतही तुम्ही माझ्या बाजूला उभ्या राहिलात. एक वडील रागावून म्हणाले होते की खेळायला तर घर आहे, शाळेत पाठवतो ते शिकायला. मी गडबडले. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हा कुणाच्या डोक्यात काल-परवा आलेला विचार नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी आपल्या बालशाळेला 1840 साली 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं, तेव्हापासून लाकडी ठोकळे आणि चेंडू ही शिकण्याची साधनं मानली गेली आहेत. मग तुम्ही त्या वडिलांनाच पट्टीवर उभं केलंत, त्यांच्या मुलीच्या हाती फासा दिलात. मुलीने त्यांना दोनदा अडवलं: "बाबा, एकपासून नाही म्हणायचं!" पुढच्या आठवड्यात त्यांनी गोळा केलेली बाटल्यांची झाकणं पिशवीभरून पाठवली. ती अजून वर्गात आहेत.

सगळ्यात कठीण होतं ते गप्प राहायला शिकणं. तुम्ही मला एक छोटी वही दिलीत. रोज तीनच मुलं निवडायची, ती काय करतात ते लिहायचं, त्यावर मत लिहायचं नाही. पहिल्या पानांवर मी "छान खेळला", "लक्ष नाही" असलंच लिहिलं होतं. तुम्ही प्रत्येक शेऱ्याखाली पेन्सिलने विचारत गेलात: "म्हणजे काय केलं?" त्या प्रश्नाने माझं शिकवणं बदललं. अशा अकरा वह्या झाल्या आहेत, आणि प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी तुमचा तो प्रश्न लिहून ठेवते.

आता या आठवड्याची गंमत सांगते. पट्टी आम्ही अजूनही खडूनेच आखतो. सोमवारी कुणीतरी एकच्या मागे आणखी एक घर काढलं. फासा टाकण्याआधी उभं कुठे राहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हापासून त्या घरात काय लिहायचं यावर वाद पेटला आहे. काही म्हणतात "सुरुवात" लिहा. एकजण शून्य म्हणतो, तर दुसरी त्याला ठणकावते की शून्य म्हणजे काहीच नाही, मग त्याला घर कसं असेल? चार दिवस झाले, घर रिकामंच आहे. मी अजून एक शब्दही बोललेले नाही.

सवड झाली तर येऊन बघून जा, बाई. खडू तुमच्या जुन्याच जागी ठेवला आहे.

तुमची,
शेजारच्या वर्गातली